नारळी पुनवेपर्यंत एक बरा शब्द

४ जुलै १९५९, शनिवार

मीठ! आज पुन्हा मीठच!

सुक्या बांगड्याची किसमूर केली होती. खोबरं ताजं, कोकम बेताचं, कांदा बारीक चिरलेला. ह्यांनी दोनदा भात मागून घेतला. ताट बोटाने असं पुसलं की धुवायची गरज उरली नाही. चूळ भरली, पंच्याने तोंड पुसलं आणि खळ्यात उतरता उतरता म्हणाले — "मीठ जरा कमी पडला."

कमी पडलं तर ताट चाटलं कुणी? मांजराने?

नवी वही आहे म्हणून नीट पहिल्यापासून लिहिते. हे म्हणजे गुरुदास मेस्त, माझे यजमान. होड्या बांधतात. तारकर्लीपासून देवबागेपर्यंत कुणाला होडी हवी असली की पावलं आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. मी सत्यवती. माहेर देवगड, सातवी फायनल पास, शाळेत अक्षराला पहिलं बक्षीस! लग्नाला अडीच वर्षं झाली. ह्या अडीच वर्षांत ह्या माणसाने माझ्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. ओरडत नाहीत, पीत नाहीत, हात उगारणं तर दूरच. सासूबाई म्हणतात, "मगे आणि काय व्हया गो तुका?"

काय हवं? एक शब्द हवा. फार मोठा नको. नुसतं "बरां" म्हटलं तरी चालेल.

नवी नवरी होऊन आले तेव्हा ह्यांनी मला बसायला फणसाचा पाट करून दिला. किती हरखले होते! उलटा करून बघते तर खाली पटाशी घसरलेली — एक सोडून तीन ठिकाणी. लोकांच्या होड्या गुळगुळीत, आणि बायकोला खोट असलेला पाट. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

५ जुलै

मीठ मोजून घातलं. म्हणाले — "तिखट."

९ जुलै, गुरुवार

नानांचं पत्र. नाना म्हणजे माझे वडील. देवगडात आंब्याच्या वखारीत पेट्या भरण्यावर असतात. त्यांना जगातली झाडून सगळी माणसं, पदार्थ आणि ढग आवडतात! आईने तांब्या पुढे केला की "वा! काय गार पाणी आणलंस!" पाणी विहिरीचं. आई काय ते गार करणार? पण पन्नाशीला आली तरी तांब्या घेऊन येताना आई अजून जरा ठुमकत येते. मी हे बघत वाढले. मला वाटायचं, नवरे सगळे असेच असतात.

तर पत्रात असं, की देवगडच्या मुलींच्या शाळेत एक बाई हव्या आहेत. फायनल पास चालेल. "तुझ्यासारखी बाई त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. घरच्यांचा विचार घे आणि नारळी पौर्णिमेनंतर लगेच हो-नाही कळव."

घरच्यांचा विचार काय घ्यायचा! घरचे म्हणणार, मीठ कमी.

नाही, पण आज ठरवलंच. देवाशपथ ठरवलं. नारळी पौर्णिमेपर्यंत ह्यांनी मला एक चांगला शब्द बोलावा. एकच. बोलले तर मी इथेच राहीन, शाळेला 'नाही' कळवीन आणि जन्मभर तोंडातून ब्र काढणार नाही. नाही बोलले तर देवगड! दोन्ही पत्रं आजच लिहून टाकली. एक 'हो'चं, एक 'नाही'चं. पाकिटंही चिकटवली. वेळ आली की एक टाकायचं.

वही आणि पत्रं आंब्याच्या पेटीत ठेवते. लग्नात नानांनी माझी पुस्तकं भरून दिली होती ती पेटी. तिला कुणी हात लावत नाही. ह्यांचा मात्र तिच्या लाकडावर डोळा आहे. परवाच बोटाने ठोकून बघत होते — "फळी बरी आसा हां गो. कोंबड्यांच्या खुराड्याक चलात."

आंब्याच्या पेटीची फळी! ती बरी! तिला लगेच शब्द मिळाला!

१४ जुलै, मंगळवार

तुळसा म्हणाली, जेवणाखाणाने काही व्हायचं नाही, नटून बघ. तुळसा आमची शेजारीण, मासे विकते, आणि तिचं तोंड तिच्या टोपलीपेक्षा मोठं. तिचा नवरा दर्यावरून आला की वाटेवरूनच हाळी देतो — "काय गो माझे पापलेटी!" ती ते मला सांगते आणि वर म्हणते, "मेल्याक लाज नाय." पण सांगते रोज.

डाळिंबी साडी काढली. अबोलीचा वळेसर करून केसांत माळला, जाड, दोन पदरी. ओटीवर उगाच तांदूळ निवडत बसले. हे आले. पाय धुतले. थांबले. बघत राहिले. इतका वेळ बघितलं की माझे कान तापले. म्हटलं, आलं! आता आलंच!

"त्या फुलांत मुंगी आसा."

मुंगी होती. खरंच होती. पण म्हणून?

१७ जुलै, शुक्रवार

आज कमाल झाली. कुळदाची पिठी ढवळता ढवळता तुळसाशी कुंपणावरून बोलत राहिले आणि पिठी लागली तळाला. अशी करपली की वास खळ्यात. दुसरं करायला वेळ नव्हता. मान खाली घालून वाढली.

जेवले. नेहमीपेक्षा कमीच जेवले. आणि उठताना म्हणाले — "पिठी बरी झाली."

मी भिंतीला टेकले. बरी झाली! अडीच वर्षांत पहिल्यांदा! आणि ती कुठे, तर करपलेल्या पिठीला!

हा शब्द धरायचा का? नाही. हा धरत नाही. मलाही मान आहे.

१८ जुलै

जीभ बिघडली असेल का? वैद्यांना विचारावं?

२२ जुलै, बुधवार

चार दिवस तपास केला. शाळेत असते तर मला ह्याचंही बक्षीस मिळालं असतं.

शनिवारी संध्याकाळी मऊसूत भाकरी — "कडा जाड." रविवारी मुद्दाम वातड, चपलेचा तळ बरा म्हणावा अशी — "झाली बरी." सोमवारी फणसाच्या आठळ्यांची भाजी, वाटपाला तीळ घालून, सासूबाईंनी वाटी चाटली ती — "आठळ्यो जरा कच्च्यो." कच्च्या! काल तीच भाजी, वाटप नाही, फोडणी नाही, नुसतं मीठ-पाणी — "चलता. बरी आसा."

आणि हे नुसतं माझ्या बाबतीत नाही! तुळसाच्या नवऱ्याने ओटीवर बाक केला. तीन पाय जमिनीवर, चौथा हवेत. हे जाऊन बघून आले. "बरो केलंस रे!" तो बिचारा दिवसभर फुलून होता आणि संध्याकाळी त्याच बाकावरून पडला.

म्हणजे वाईटाला बरं, आणि चांगल्याला नावं. तुळसाला सांगितलं तर हसून हसून तिची टोपली कलंडली. "गो, तुझो घोव उलटो जल्माक इलो!"

मी हसले, पण घरी आल्यावर हसू राहिलं नाही. ह्यांना चांगलं-वाईट कळतं हे आज पक्कं झालं. इतके दिवस वाटत होतं कळतच नाही, आणि त्यात थोडं समाधान होतं. कळतं आणि तरी बोलत नाहीत — ह्याचं काय करू?

२७ जुलै, सोमवार

पेज घेऊन खोपीत गेले. किनाऱ्यावर झावळ्यांची खोप घातली आहे, तिथे भिकाजी तांडेलाची नवी होडी उभी आहे. नारळी पौर्णिमेला पाण्यात जायची. मला लाकडातलं कळत नाही, पण बघून पाय थांबले. पोट असं भरदार, पुढचं टोक असं उचललेलं, जणू कुणी हाक मारली आणि तिने मान वर केली.

हे पाठमोरे होते. माझी चाहूल लागली नाही. तळहात होडीच्या अंगावरून फिरवत होते, सावकाश, वरपासून खालपर्यंत, आणि तोंडाने — "कुबडी मेली. पोट बघ तुजा, भवानी! कोण घेतलो तुका? दर्यात ढकललंय तर दर्यो परत हाडून टाकतलो."

हात इतका हळू, आणि तोंडात हे — म्हणे दर्यासुद्धा परत आणून टाकेल! असा हात माझ्या गालावरून — खोटं कशाला लिहू, फिरला आहे. पण तेव्हा तोंडात मूग असतात.

पेज ठेवली आणि खोकले. हे दचकले. होडीवरचा हात असा काढला की जणू चोरी पकडली गेली. मग पेज पिऊन म्हणाले, "पातळ."

वाटेत येताना मनात काहीतरी वळवळत होतं. होडीलाही नावं. पण होडी वाईट नाही. म्हणजे...?

२ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंना सरळ विचारलं. त्या कुळीथ पाखडत होत्या. "आये, ह्यांका बरां म्हणूक काय होता?" सूप थांबलं. मला वाटलं रागावल्या. मग सूप बाजूला ठेवून बसल्या आणि सगळं सांगितलं. आठवतं तसं उतरवते.

मामंजीही होड्याच बांधत. होडी पुरी झाली की पुढच्या टोकाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने एक खूण करत. नखाएवढी. होडीचं गालबोट. देखण्या पोराला काजळाचा ठिपका लावतात ना, तसं. दर्याची नजर लागू नये म्हणून. साध्या डागडुजीच्या होडीला ते कधी खूण करत नसत. म्हणत, हिच्यावर कोण नजर टाकतो?

हे अठरा वर्षांचे असताना ह्यांनी पहिली होडी एकट्याने बांधली. मामंजी पटाशी घेऊन आले, तर ह्यांनी हात धरला. किनाऱ्यावर सगळं गाव जमलेलं, आणि माझा हा मुका नवरा तेव्हा छाती काढून म्हणाला — "माझ्या होडयेक खोट लावू नको. अशी होडी दर्यानसुदा बघूक नाय!"

खाडीच्या तोंडाशी लाट आली आणि होडी आडवी झाली. फळ्या सुटल्या. माणसं वाचली, पण मामंजींचा पाय दोन फळ्यांमध्ये सापडला. मरेपर्यंत लंगडत होते. बोलले एका शब्दाने नाहीत. ह्यांनीच स्वतःला बोलून घेतलं असणार.

"तेवापासून माझ्या झिलाच्या तोंडाक कुलूप," सासूबाई म्हणाल्या. "जा आवडता, तेका नावां ठेवता. आवडना नाय, तेका बरां म्हणान मोकळो. गो, गेल्या वर्सां तू तापान पडलंस, तेवा तुज्या उशाशी बसान काय म्हणी ठावक आसा? 'नाक चपटा, रंग सावळो, हिका कोण नेतलो?' रात-दिस ताच."

मला वाटलं होतं, तापात मला भास झाला.

५ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस मी हवेत. मीठ कमी म्हणाले — अंगावर मूठभर मांस चढलं! आमटी पांचट म्हणाले — गाणं गुणगुणले! कपाळावरचं कुंकू फिसकटलंय म्हणाले तेव्हा तर लाजून आत पळाले. तुळसाला वाटतं मला लागिर झालंय.

पण आज तिसरा दिवस, आणि आज खरं लिहिते. पुरत नाही. अर्थ कळला, पण कानाला तो लागत नाही. प्रत्येक वेळी मनात उलटा करून घ्यावा लागतो, आणि उलटा करता करता त्यातली ऊब जाते. आईला नाना जे देतात ते सरळ कानात पडतं. तिला काही सोडवावं लागत नाही.

भीतीपोटी गप्प बसणारा माणूस वाईट नव्हे, मान्य. पण मी जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि मला ऐकायचं आहे. अट तीच. नारळी पौर्णिमा.

१० ऑगस्ट, सोमवार

आज घरात भूकंप!

सकाळी भिकाजी तांडेल खळ्यात. हातात काठी, डोळे लाल. हे मालवणात खिळे आणायला गेलेले. मी एकटीच बाहेर आले.

"वैनी, मेस्तांका सांगा, माका ती होडी नको!"

मला घामच फुटला. आठ दिवसांवर पौर्णिमा. का हो, काय झालं? तर म्हणे, "मी रोज खोपीत येतंय, रोज मेस्त म्हणतत — वाकडी झाली, कुबडी झाली, दर्यो परत हाडून टाकतलो! खुद्द बांधणारोच असा सांगता तर माझी पोरां मी तिच्यार कशी चढवू? काल तर म्हणाले, 'ही होडी म्हणजे माझ्या आयुष्यातली चूक.' आता सांगा!"

मी ओठ चावून धरले. हसू की रडू? आयुष्यातली चूक! इतकं तर त्यांनी मलाही कधी म्हटलं नाही. होडीचा हेवा वाटला, खरंच वाटला.

मग मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. पदर खोचला एवढं आठवतं. म्हटलं, "भिकाजीनु, माझा ऐका. तुमच्या जुन्या होडीची फळी बदलली, तेवा काय म्हणाले? 'बरी झाली.' आणि ती किती दिवस टिकली?" तो म्हणाला, "एक हंगाम." म्हटलं, "मगे? ह्यांनी बरी म्हटलेल्या वस्तूचा काय होता ता अख्ख्या तारकर्लीक ठावक आसा. तुळसाच्या बाकाक विचारा! ही होडी ते रोज पोटच्या पोरीसारकी गोंजारतत. ह्यांच्या हातासारको हात ह्या किनाऱ्यार दुसरो नाय. मी डोळ्यांनी बघितलंय. अशी होडी तुमका परत मिळाची नाय. घ्या, आणि नावां ठेवतत म्हणान दोन नारळ जास्त फोडा!"

भिकाजीने काठी खाली केली. मग म्हणाला, "वैनी, तुमी शाळेत शिकवूक व्हया होतास." आणि काठी टेकत गेला.

वळते तर हे! कुंपणापाशी, खिळ्यांची पुडी हातात. कधीपासून उभे होते देव जाणे. मान खाली, कान लालबुंद. मागच्या दाराने घरात.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. अडीच वर्षं मी वाट बघत बसले. मी तरी कधी म्हटलं होतं ह्यांना? तोंडावर? एकदाही नाही! परक्या माणसाजवळ, तेही भांडताना, पहिल्यांदा.

११ ऑगस्ट

आमटी खारट, भात गिचका, चहा पाण्यासारखा, आणि माझा पदर मळलेला. एका दिवसात चार!

१५ ऑगस्ट, शनिवार

शाळेत झेंडावंदन. गावच्या मास्तरांचा घसा बसला, म्हणून तुळसाने मला पुढे ढकललं. ही फायनल पास, ही सांगेल पोरांना! नको नको म्हणत गेले आणि खडू हातात घेतला.

फळ्यावर नऊ ओळी लिहिल्या. झेंडा म्हणजे काय, रंग कुठले, गाव कुणाचं. पोरं मागून म्हणत होती. चौथी ओळ येईपर्यंत मी सगळं विसरले होते — मीठ, पिठी, पौर्णिमा. एका मुलीने विचारलं, "बाय, स्वातंत्र्य खंय रवता?" मी म्हटलं, ह्या वर्गात रवता. सगळी हसली. मलाही फार हसू आलं.

आता इथे कुणी वाचणारं नाही म्हणून लिहिते. देवगडची शाळा ही मी ह्यांच्यावर मनातल्या मनात उगारलेली काठी होती, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाही. मला शिकवायचं आहे. अट काहीही असो, शब्द येवो न येवो, मला खडू हवा आहे. आणि हेही हवे आहेत. दोन्ही हवं असणारी बाई काय करते ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

हे कुंपणाबाहेर उभे होते. घरी येताना म्हणाले, "शेवटची ओळ वाकडी गेली."

म्हणजे नऊच्या नऊ वाचल्या!

१८ ऑगस्ट, मंगळवार. नारळी पौर्णिमा

किनारा फुलला होता. भिकाजीने नवा रुमाल बांधला होता आणि माझ्या सांगण्यावरून दोन नारळ जास्त फोडले. होडीला हार, हळद-कुंकू. पुरुष खांदा लावायला वाकले, आणि मी कुणाचं लक्ष नाही बघून पुढच्या टोकाखाली हात घातला. बोटाला लागली. नखाएवढी खूण. केली होती! ह्या होडीला त्यांनी मामंजींची खूण केली होती!

मग होडी पाण्यात गेली. खाडीच्या तोंडाशी लाट आली. ह्यांचे हात मुठी वळून पांढरे पडले होते. होडी लाटेवर चढली, उतरली आणि सरळ पुढे निघाली. गाव ओरडलं. हे नाही ओरडले. डोळे पुसले, आणि म्हणाले, वाळू गेली.

मी घरून कुंकवाच्या करंड्यातलं काजळ बोटावर आणलं होतं. ह्यांच्याजवळ गेले, चारचौघांत, आणि ह्यांच्या कानामागे बोट टेकवलं. "गालबोट लावलंय," म्हटलं. "आता मी बोलतंय, भिया नको. अशी होडी मी जल्मात बघूक नाय. आणि ती बांधणारो पण."

तोंड उघडलं ह्यांचं. मिटलं. परत उघडलं. मी श्वास धरला. पौर्णिमाच होती ना आज! शेवटचा दिवस!

"चल," म्हणाले. "ऊन लागात."

ऊन कुठलं, आभाळ भरलेलं.

घरी शिरवाळे केले, नारळाच्या रसातले, वेलची घालून. तीन वेळा घेतले. "शेवयो जाड," म्हणाले. मी इतकी हसले की सासूबाईंना वाटलं, नारळ डोक्यात पडला.

जेवणं झाल्यावर माझा तो खोट असलेला पाट उलटा केला. अडीच वर्षं रोज त्याच्यावर बसते आहे. पटाशी घसरलेली नाही. तीन खुणा आहेत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. भिकाजीच्या एवढ्या मोठ्या होडीला एक. आणि माझ्या वीतभर पाटाला तीन!

१९ ऑगस्ट, बुधवार

शब्द आला नाही. ते खरं. पण अट मीच घातली होती, मीच मोडते. एवढं भिऊन ज्याने मला जपलं त्याला सोडून देवगडला जायचं कसं? सकाळी 'नाही'चं पाकीट ह्यांच्या हातात दिलं. "बाजारात जाशात तेवा टपालात टाका." पाकीट उलटसुलट केलं, वरचा पत्ता वाचला. खिशात घातलं.

आणि आंब्याच्या पेटीची फळी घ्या म्हटलं खुराड्याला. आता तिच्यात ठेवण्यासारखं माझं काय राहिलं? उद्या रिकामी करून देते.

फळा आठवला. थोडं रडले. कांदा चिरत होते, त्यामुळे सासूबाईंना कळलं नाही.

२० ऑगस्ट

ही सुताराची पेन्सिल आहे. शाईने लिहिण्याची मला सवय नाही. शाळा चौथीपर्यंत.

खुराड्याची फळी काढण्यासाठी पहाटे पेटी उघडली. तू रिकामी केली असशील असे वाटले. वही दिसली. वाचायला नको होती. सगळी वाचली. पिठी करपली होती हे मला त्याच दिवशी कळले होते.

'नाही'चे पत्र काल टाकले नाही. खिशातच ठेवले. 'हो'चे पेटीत मिळाले. दोन्ही या पानात ठेवली आहेत. आज बाजारात जाणार आहे, तू देशील ते टाकीन. होड्या देवगडातही लागतात. आईला विचारले. ती म्हणाली, पेज तिथेही मिळत असेल.

पानाच्या कोपऱ्यात डांबराचा अंगठा उठवला आहे. मोठा उठवला आहे. त्यामुळे आता लिहिण्यास हरकत नाही.

तुझ्या हातचे सर्व चांगले असते. पहिल्या दिवसापासून. अबोलीच्या दिवशी मी पाहत राहिलो, तेव्हा मुंगी मला फार उशिरा दिसली. फळ्यापाशी उभी होतीस, तशी देखणी बाई मी पाहिलेली नाही. संध्याकाळी तोंडाने सांगेन. काजळ जवळ ठेव.

ओळी मात्र वाकड्या जातात.